जिथून फुफाटा येतो, तिथूनच आवाज येतो

आमच्या घरी 1998 ची मारुती 800 आहे. पांढरी, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. दारव्ह्याहून यवतमाळला जाताना बाबा शेजारच्या सीटवर बसतात. मागच्या वर्षी लक्षात आलं की गाव सुटून गाडीनं पन्नासची गती घेतली की ते बोलायचे थांबतात. मला वाटायचं, थकले असतील. मग एकदा फाट्यावर चहाला उतरलो तेव्हा म्हणाले, "गाडीत काई ऐकूच येत नाई. मंग बोलून काय करू?"

ज्या गाडीत बसून त्यांनी मला अर्धा विदर्भ दाखवला, त्याच गाडीत आता ते गप्प बसत होते. म्हणून मी या कामाला लागलो. वर्षभरात जे कळलं ते इथे मांडतोय. जुनी छोटी गाडी अजून जपून ठेवलेले आपल्याकडे बरेच आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण मीही आधी करणार होतो तीच चूक करतात: सरळ शहरात जाऊन दारांत डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याला आतून चिकटवायचा जड थर, मारून घेतात. पैसे जातात, आवाज तेवढाच राहतो. शीट वाईट नसते, पण तिची पाळी फार उशिरा येते.

आधी गाडी समजून घेऊ. मारुती 800 ची पहिली चावी 14 डिसेंबर 1983 ला दिली गेली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत बाहेरचं रूप बदललं, पण गाभा तोच राहिला: 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, 12 इंची चाकं आणि जेमतेम साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. या हलकेपणामुळेच ती थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाते आणि पांदण रस्त्यावर अडकली तर चौघं मिळून एकेक टोक उचलून बाजूला सरकवतात. पण आवाज अडवायला वजन लागतं. जुन्या घराच्या हातभर रुंद मातीच्या भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येत नाही आणि टिनाच्या पलीकडची कुजबुजही येते, त्याचं कारण हेच. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल जास्त आवाज अडतो, असा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. म्हणजे पातळ पत्र्याची गाडी फक्त वजन वाढवून शांत करायला गेलो, तर ती चालायचीच नाही.

डेसिबलचं गणित नीट समजलं तर पुढची बरीच निराशा टळते. हे अंक आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे चालत नाहीत. टायरचा आवाज 70 आणि सायलेन्सरचा 70 असेल तर दोन्ही मिळून 140 होत नाहीत, 73 होतात. याचा उलटा अर्थ महत्त्वाचा आहे. दोनपैकी एक आवाज पूर्ण बंद केला तरी आकडा फक्त 3 नं उतरतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखं वाटायला साधारण 10 डेसिबल उतरावे लागतात. आणि एक आवाज 80, दुसरा 70 असेल, तर 70 वाल्यावर कितीही खर्च करा, काहीच कळणार नाही. म्हणून सगळ्यात मोठा आवाज आधी शोधायचा. तो गेला की दुसऱ्या नंबरचा मोठा होतो, मग त्याच्या मागे लागायचं. पहिल्या कामानंतर "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे इथेच फसतात. फरक पडलेला असतो, फक्त दुसऱ्या आवाजानं तो झाकलेला असतो.

मोठा आवाज शोधायला यंत्र लागत नाही. गाडी उभी ठेवून, काचा बंद करून इंजिन रेस करा. रस्त्यावर येते ती घरघर उभ्या गाडीतही आली तर ती इंजिनची किंवा सायलेन्सरची. नंतर मोकळा, सरळ रस्ता बघून साठच्या गतीला काही क्षण न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करायचं नाही, चावीला हातही लावायचा नाही, कारण चावी फिरवून स्टिअरिंग लॉक झालं तर जीवावर बेतेल. न्यूट्रलमध्येही गुणगुण तशीच राहिली तर ती टायरची, बेअरिंगची किंवा वाऱ्याची. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला आणि गुणगुणीचा सूर बदलला, तर टायर. डावीकडच्या लांब वळणावर हुंकार वाढला आणि उजवीकडच्या वळणावर कमी झाला, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या, कारण डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. वाऱ्याचा आवाज आपल्या रस्त्यांवरच्या गतीला फारसा नसतो. सत्तर-ऐंशीच्या पुढे मात्र तो झपाट्यानं चढतो.

मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप मिळतं. त्याचा आकडा खरा मानू नका. पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तीच गती ठेवली तर आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला तो उपयोगी पडतो. आकडा शेजारी बसलेल्यानं बघायचा, चालवणाऱ्यानं नाही.

आता दुरुस्ती. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या गाडीचा अर्धा आवाज इथेच गेला. तीन सिलिंडरचं इंजिन मुळात थरथरतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50, आणि तीन सिलिंडर धरले तर सेकंदाला 75 स्फोट. चार सिलिंडरच्या फियाटमध्ये हेच 100 होतात. 800 ची ती जाड घूंऽऽ याच 75 ची असते. ही थरथर पत्र्यापर्यंत पोहोचू नये म्हणून इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं. घरी मिक्सर ओट्यावर ठेवून चालवा आणि मग खाली टॉवेलची घडी ठेवून चालवा, फरक लगेच कळेल. वीस-पंचवीस वर्षांत हे रबर दगडासारखं होतं, आणि मग टॉवेल काढलेल्या मिक्सरची गत होते. अख्खी गाडी ओट्यासारखी वाजते. आमच्या गाडीचं एक फाउंडेशन फाटलं होतं आणि दोन कडक झाली होती. सायलेन्सर टांगायच्या रबरी कड्यांचंही तेच. एक तुटलेलं होतं, त्या जागी कोणीतरी तार बांधली होती. ती तार सायलेन्सरची प्रत्येक थरथर सरळ फ्लोअरला नेऊन पोहोचवत होती.

एअर फिल्टरच्या डब्याचं झाकणही बघा. क्लिप तुटून ते सैल झालं असेल तर कार्बोरेटर हवा ओढतानाचा घोरण्यासारखा आवाज सरळ बाहेर येतो. तो डबा हवा गाळतो, तसाच आवाजही दाबतो. टॅपेटचा (इंजिनच्या झडपा दाबणाऱ्या भागाचा) गॅप आणि आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनची गती) दोन्ही नीट करून घ्या. आयडल फार कमी ठेवला की तीन सिलिंडरची गाडी सिग्नलला उभी असताना आरसेसुद्धा थरथरवते.

टायरच्या बाजूवर चार अंक एका चौकटीत असतात. 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आपल्याकडे छोट्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि टायर बदलावेसे वाटत नाहीत. पण उन्हानं रबर कडक होतं, आणि कडक टायर गातो. पावसाळ्यात तो घसरतोही. म्हणून हा खर्च आवाजासाठी नाही तर जिवासाठी करा. आवाज कमी होईल तो वरचा फायदा.

सायलेन्सर सडून भोक पडलं असेल, मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट फुटलं असेल, तर त्या फटफटीला नुसता आवाज समजू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस जातो. हे आधी दुरुस्त करायचं, बाकी सगळं नंतर.

एवढं करून गाडी घेऊन मी आमच्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आता शीट मारू का, असं विचारलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचं दार उघडलं आणि रबराच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट मातीनं तपकिरी झालं. "भाऊ, फुफाटा आत येऊन राह्यला. जिथून फुफाटा येते, तिथूनच आवाज येते. आधी हे बंद कर."

या एका वाक्यात ध्वनिशास्त्राचा मोठा नियम आहे. आवाज फटीतून पाण्यासारखा शिरतो. एखादा पडदा 40 डेसिबल आवाज अडवणारा असला आणि त्याच्या शंभरातला एक भाग उघडा राहिला, तर तो पडदा जेमतेम 20 च अडवतो. शंभरातला एक. दाराच्या रबरातली बोटभर लांबीची फट, क्लच केबलच्या भोवतीचं निघालेलं बूच, गिअरच्या दांड्याखालचं फाटलेलं रबर: या सगळ्यांची बेरीज जुन्या गाडीत बरीच होते. आणि मग हजारो रुपयांची शीट मारा, आवाज त्या भोकातून येतच राहतो.

विदर्भातल्या माणसाजवळ ही भोकं शोधायचं आयतं साधन आहे, ते म्हणजे फुफाटा. मार्च-एप्रिलमध्ये पांदण रस्त्यावर पीठासारखी माती साचते. गाडी आतून स्वच्छ पुसून घ्या, काचा लावा, आणि एखाद्या ट्रॅक्टरच्या मागून दोन किलोमीटर जा. घरी येऊन दारं उघडा. जिथून हवा आत येते, तिथे मातीची बारीक रेघ किंवा पंख्यासारखा फराटा उमटलेला असतो. आमच्या गाडीत सगळ्यात मोठा फराटा डिक्कीच्या दाराच्या आत, डाव्या खालच्या कोपऱ्यात होता. मला आश्चर्य वाटलं, कारण गाडी तर पुढे जाते, मग माती मागून कशी येते? चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि गाडीनंच उडवलेली माती त्या पोकळीत घोटाळत राहते. डिक्कीचं रबर बसलेलं असेल तर ती आत ओढली जाते. मातीबरोबर सायलेन्सरचा धूरही ओढला जातो. म्हणून डिक्कीचं रबर दारांच्याही आधी बदला, मागे लेकरं बसत असतील तर नक्कीच.

रबर बसतंय की नाही, हे कागदानं तपासता येतं. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अडकून यायला हवी. सहज सरकली तर तिथे दाब नाही. चारी बाजूंनी वीतवीत अंतरावर हे करा. प्रत्येक वेळी नवं रबर लागतं असंही नाही. कधी दारच बिजागरीवर खाली उतरलेलं असतं, कधी कुलूप अडकतं तो खुंटा बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो. तो पान्यानं सैल करून केसभर आत घेतला की जुनंच रबर पुन्हा दाबून बसतं. आमच्या ड्रायव्हरकडच्या दाराला एवढंच लागलं. काच जिथे वर-खाली होते त्या खोबणीतलं मखमली अस्तर झिजलं की काच खडखडते. ते मीटरवर मिळतं आणि स्वस्त असतं.

पुढची भोकं इंजिन आणि आपल्या पायांच्या मधल्या पत्र्यात असतात. वायरींचा जुडगा, क्लच, ॲक्सिलरेटर, चोक, स्पीडोमीटर या सगळ्यांच्या केबल्स तिथून आत येतात. प्रत्येकीला रबरी बूच असतं, आणि पंचवीस वर्षांत कोणी ना कोणी मेकॅनिकनं घाईत त्यातलं एखादं फेकलेलं असतं. रात्री एकानं आत डॅशबोर्डखाली डोकं घालायचं आणि दुसऱ्यानं बोनेट उघडून टॉर्च फिरवायचा. जिथे उजेड दिसेल तिथे बूच बसवायचं. उरलेली फट ब्यूटाइल रबराच्या मऊ पट्टीनं भरा. एम-सील लावू नका. केबल हलते, पुढेमागे बदलावी लागते, आणि एम-सील दगड होऊन बसतं. फुगणारा फोमही नको, तो पाणी धरतो आणि खालचा पत्रा सडवतो.

काही भोकं मात्र बुजवायचीच नसतात. दारांच्या तळाशी पाणी जायला चिरा असतात. आपली काळी माती वाळून त्या आधीच बंद झालेल्या असतात, उलट त्या खिळ्यानं मोकळ्या करायच्या. काचेच्या पुढच्या जाळीखालच्या पाण्याच्या वाटाही मोकळ्या हव्यात. आतली हवा बाहेर जायची जागाही सोडा, नाहीतर पावसात काचांवर वाफ धरेल आणि दार जोरानं आपटल्याशिवाय लागणार नाही.

आता शीट. पोळ्याला बैलाच्या गळ्यातली घंटी वाजते, ती मुठीत धरली की गप्प होते. डॅम्पिंग शीट ही ती मूठ. ती आवाज अडवत नाही, पत्र्याला वाजू देत नाही. त्यामुळे अख्खा पत्रा झाकायची गरज नाही. बोटाच्या पेरानं ठोकत जा. जिथे 'टण' असं लांबतं, तिथे तुकडा लावा. पुन्हा ठोकल्यावर 'ठप' आलं की झालं. पत्र्याचा पाव ते तिसरा भाग झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. दाराचा बाहेरचा पत्रा, फ्लोअर, मागच्या चाकांवरचे घुमट, डिक्कीचा तळ, एवढ्यावर भर द्या. दोन मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल शीट चौरस मीटरला साधारण तीन किलो भरते. अख्खी गाडी मढवून वर जड रबरी थर टाकला तर सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतकं वजन सहज वाढतं, आणि 800 चं इंजिन जेमतेम 37 अश्वशक्तीचं आहे. चौघं बसून घाट चढताना ते पोतं जाणवेल.

इथे आपल्या उन्हाचा विचार करावाच लागतो. छताची गळती बंद करायची चांदीसारखी चकाकणारी डांबरी पट्टी दुकानात स्वस्त मिळते, आणि बरेच जण तीच गाडीत लावतात. यवतमाळ-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. डांबर त्यात मऊ होतं, वास सोडतं आणि टपावरून सुटून लोंबायला लागतं. आतल्या बाजूला, त्यातही टपाला, ही पट्टी लावू नका. ब्यूटाइल ऊन सोसतं. कामाला मात्र फेब्रुवारी-मार्च उत्तम. तुरी घरी आलेल्या असतात, हाताला वेळ असतो, पत्रा कोमट असतो म्हणून शीट चांगली चिकटते, आणि सीटखालचा नमदा (दाबलेल्या तंतूंचा जाड थर) दोन दिवस उन्हात टाकता येतो. नमदा काढाल तेव्हा फ्लोअर नीट बघा. ओल असेल तर ती कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. गंज खरवडून, रेड ऑक्साइड मारून, वाळू देऊन मगच शीट. पत्रा रॉकेलनं पुसू नका, तेलकट थर राहतो. थिनरनं पुसा, दारं उघडी ठेवून, आणि आसपास विडी-काडी नको.

राहिला मऊ थर. याविषयी सगळ्यात जास्त गैरसमज आहे. वेचणी झाल्यावर कापूस भरून ठेवलेल्या खोलीत तुम्ही कधी बोलला असाल, तर आवाज कसा बसल्यासारखा होतो ते ठाऊक असेल. कापूस आतला घुमारा खातो. पण त्याच खोलीबाहेर डीजे वाजत असेल तर त्याचा ढम् ढम् आत येतोच. गाडीतही हेच होतं. फोम किंवा नमदा बारीक, चिरका आवाज शोषतो. इंजिनच्या त्या 75 च्या घूंऽऽची एक लाट साडेचार मीटर लांब असते, गाडीपेक्षाही लांब. अर्ध्या इंचाच्या फोमला ती दिसतसुद्धा नाही. तिला फाउंडेशनपाशीच अडवावं लागतं, म्हणून ते काम पहिलं. मऊ थराचा उपयोग शेवटी, उरलेली खरखर टिपायला.

कारखान्यात गाड्यांना लावतात तो नमदा पुष्कळदा वाया गेलेल्या सुती कापडाच्या, कापसाच्या तंतूंपासूनच बनवलेला असतो. आपल्या कापसानं आपली गाडी शांत व्हावी, ही कल्पना मलाही फार आवडली होती. पण जिनिंगमधला कच्चा कापूस किंवा पोत्याचे तुकडे दारांत कोंबू नका. ते ओल धरतात, ठिणगीला पेटतात आणि उंदरांना घर मिळतं. उंदीर मग वायरी कुरतडतो. तयार नमदा घ्या, तोही सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. आणि पुढच्या मॅटची जाडी बघा: ॲक्सिलरेटर आणि ब्रेक पूर्ण दाबून, सोडून, कुठे अडकत नाहीत ना हे हातानं तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

बोनेटच्या आतल्या अस्तराचा फायदा थोडा आहे. लावायचंच तर न पेटणारं लावा. टप मी उघडलंच नाही. आतलं कापड जुनं आहे, एकदा निघालं की तसं परत बसत नाही. पावसात ते टिनासारखं वाजतं, वाजू दे.

हे सगळं संपवून आम्ही पुन्हा यवतमाळला निघालो. लाडखेड मागे पडलं तरी बाबा बोलतच होते. या रस्त्याला पूर्वी किती आंबे होते, कोणत्या वळणावर दमणीचा आख मोडला होता. मधेच ते थांबले, मान वळवून मागे कान दिला आणि म्हणाले, "मागं काई तरी वाजून राह्यलं बापा." मी गाडी बाजूला घेतली. डिक्कीतला जॅक सैल झाला होता. तो वर्षानुवर्षं तसाच खडखडत असणार, आजवर मोठ्या आवाजाखाली झाकलेला होता. जुन्या ट्यूबचा तुकडा त्याच्याखाली कोंबला आणि पुढे निघालो.